टाकी, दोर आणि एकवीस मोदक: डिजिटल लॉजिकपासून प्रोसेसरपर्यंत एका सत्रात कसं पोचावं

वायवाला (तोंडी परीक्षेला) समोर बसलेल्या पोराला विचारावं, "फ्लिप-फ्लॉप म्हणजे काय?" तो धडाधड व्याख्या म्हणतो. ट्रूथ टेबल काढ म्हटलं तर तेही काढतो. मग विचारावं, "बरं, प्रोग्रॅम काउंटर कशाचा बनलेला असतो?" की तो पंख्याकडे बघायला लागतो. जुलैत शिकलेला फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एक बिट लक्षात ठेवणारं सर्किट, आणि ऑक्टोबरात शिकलेला प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे पुढचा हुकूम कुठल्या घरात आहे ते धरून ठेवणारा प्रोसेसरचा भाग, यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे त्याच्या मनातही आलेलं नसतं. आणि चूक त्याची नसते. आपण अर्धा पेपर डिजिटलचा आणि अर्धा कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनचा म्हणून शिकवतो, मधे गणपतीची सुट्टी येते, आणि दोन्ही अर्धे कायमचे वेगळे पडतात.

मी सिंधुदुर्गातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला हा विषय शिकवतो. सुरुवातीची काही वर्षं मीही के-मॅपवर (सर्किट सोपं करायच्या तक्त्यावर) पाच आठवडे घालवले आणि कॅश मेमरी (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) शेवटच्या दोन तासांत उरकली. पेपर बरे गेले, पोरांना मात्र काही कळलं नव्हतं. नंतर हळूहळू जी पद्धत बसत गेली ती इथे पायरीपायरीने मांडतोय. तिच्या मुळाशी दोनच नियम आहेत. एक, सत्रभर एकाच यंत्राकडे जायचं. जे शिकवाल ते त्या यंत्रात कुठे बसतं हे त्याच दिवशी सांगायचं. दोन, सर्किटला पॉवर देण्याआधी काय होईल ते वहीत पेनाने लिहायचं. पेन्सिलने नाही.

सत्र सुरू होण्याआधी

आपलं कॅलेंडर पुण्यातल्या कॉलेजांसारखं नाही हे आधी मान्य करा. जुलै-ऑगस्टात दोन-चार दिवस तरी पावसाने बुडतात. गणपतीला हजेरी मागणं म्हणजे वैर घेणं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत वर्गात दिसतच नाहीत. म्हणून ज्याच्यावर पुढचं सगळं उभं आहे ते गणपतीच्या आधी झालंच पाहिजे: गेट, अॅडर (बेरीज करणारं सर्किट), लॅच, फ्लिप-फ्लॉप, रजिस्टर (फ्लिप-फ्लॉपची ओळ). डिप्लोमावाली पोरं उशिरा आली तरी ब्रेडबोर्डवर (वायरी नुसत्या खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर) त्यांचा हात बसलेला असतो आणि ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरचे प्रोग्रॅम त्यांनी केलेले असतात. त्यांची वेगळी बॅच करू नका. बारावीतून आलेल्या एकेका मुलाबरोबर एकेकाला बसवा, दोघांचंही भागतं.

सामान मे महिन्यातच मागवा. आमच्याकडे ते कोल्हापूरहून येतं किंवा कोणीतरी मुंबईला गेलं की लॅमिंग्टन रोडवरून. दोघांच्या गटाला एक ब्रेडबोर्ड, ७४००, ७४०४, ७४०८, ७४३२, ७४८६ आणि ७४७४ हे लॉजिकचे आयसी (चिप) प्रत्येकी एक-दोन, ३३० ओहमचे रोध, एलईडी, आणि '१०४' लिहिलेले ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर मूठभर. पॉवरला ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर चालतो. कपाटातली ट्रेनर किट आहेत तिथेच राहू द्यात, इन्स्पेक्शनला उपयोगी पडतात. किटवर सगळं आधीच जोडलेलं असल्यामुळे पोरांना पिन, ग्राउंड, तुटकी वायर यातलं काही भेटतच नाही.

आणि खारी हवा. आयसीचे पाय काळे पडतात, ब्रेडबोर्डच्या आतल्या क्लिपा गंजतात, आणि ऑगस्टात निम्म्या तक्रारी लॉजिकच्या नसून संपर्काच्या असतात. आयसी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. बसवण्याआधी पाय खोडरबराने पुसा. ज्या ब्रेडबोर्डात वायर सैल बसते तो सरळ फेकून द्या, त्याच्यावर जीव लावू नका.

पायरी १: पहिला तास टाकीचा

पहिल्या तासाला बायनरी नको, बूलचं बीजगणितही नको. फळ्यावर टाकी काढा. खाली विहीर, वर टाकी, मधे पंप. टाकीत दोन फ्लोट: खालचा (ख) आणि वरचा (व). पाणी फ्लोटपर्यंत पोचलं की १, नाही तर ०. पंप (प) कधी चालू असायला हवा, एवढाच प्रश्न. प्रत्येकाच्या घरी ही टाकी असते आणि ती वाहून गेल्यावर कोणीतरी ओरडा खाल्लेला असतो.

चार ओळींचं कोष्टक मुलांकडून भरून घ्या. ख=०, व=० म्हणजे टाकी रिकामी, पंप चालू. ख=१, व=१ म्हणजे भरली, बंद. आता ख=१, व=०. अर्धा वर्ग म्हणतो चालू, अर्धा म्हणतो बंद. भांडू द्या. दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "सर, पाणी वर चाललंय की खाली, त्यावर आहे ना ते!" तिथे थांबा. या एका वाक्यात सिक्वेन्शिअल सर्किट आलं. आत्ताचे इनपुट बघून उत्तर देता येत नाही, आधी काय चाललं होतं ते लक्षात ठेवावं लागतं. चौथी ओळ ख=०, व=१: वर पाणी आहे पण खाली नाही. अशक्य. पण शेवाळाने फ्लोट अडकला किंवा उंदराने वायर कुरतडली तर ही ओळ येते, आणि तेव्हा पंप बंदच बरा.

हे सूत्रात असं बसतं: पुढचा प = व′ · (ख′ + प). टिंब म्हणजे 'आणि', अधिक म्हणजे 'किंवा', शेपटी म्हणजे 'नाही'.

पहिल्याच प्रॅक्टिकलला हे एका ७४००वर बांधून घ्या. त्यात चार नँड गेट (दोन्ही इनपुट १ असतील तेव्हाच आउटपुट ०), चारही वापरली जातात. पिन १४ला ५ व्होल्ट, ७ला ग्राउंड. पिन १ आणि २ दोन्हींना 'व', म्हणजे ३वर व′. पिन ४ला 'ख', ५ला ८वरून आलेली वायर, आउटपुट ६. पिन ९ला ३वरून, १०ला ६वरून, आउटपुट ८. पिन १२ आणि १३ दोन्हींना ८वरून, आणि ११वर मिळतो 'प'.

सहाची वायर दहाला आणि आठची पाचला. दोन गेट एकमेकांच्या शेपट्या धरून बसलेत. हाच एसआर (सेट-रिसेट) लॅच. नाव नंतर सांगा, आधी चालू दे.

मग विचारा: चौथं गेट वाचवता येईल का? हुशार पोरं बघतात की पिन ६वर पंपाचाच सिग्नल दिसतोय, म्हणजे ११ची गरज नाही. पहिल्या तिन्ही ओळींत ते खरं आहे. मग त्यांना अशक्य ओळ लावायला सांगा. ख=०, व=१. पिन ६ एकवर जाते, ११ शून्यावर. म्हणजे फ्लोट बिघडला तर सहाला जोडलेला पंप चालूच राहील आणि टाकी अंगणात उतरेल. एसआर लॅचची 'निषिद्ध' अवस्था पुस्तकात एका ओळीत असते. इथे ती पोरांना पाण्यात दिसते. एकदा एका मुलीने एलईडी ५ व्होल्टपासून रोधातून थेट पिन ८ला लावला. पंप चालू असताना ८ शून्यावर असतो, म्हणजे एलईडी पेटतो. चौथं गेट खरोखरच वाचलं आणि अशक्य ओळीतही एलईडी विझलेलाच राहिला. मला ते आधी सुचलं नव्हतं.

जाता जाता अजून एक प्रश्न टाकून ठेवा. टाकी अर्धी असताना लाइट गेली आणि परत आली, तर पंप सुरू होईल का? उत्तर: सांगता येत नाही. लॅच कुठल्या बाजूला पडेल याची हमी नाही. प्रत्येक प्रोसेसरला रिसेट का लागतो, हे आमच्याकडच्या महावितरणने पुरेसं शिकवलेलं आहे.

पायरी २: अंदाजवही आणि ब्रेडबोर्डची शिस्त

जर्नल सबमिशनसाठी असतं, अंदाजवही स्वतःसाठी. प्रत्येक प्रयोगाला तीन ओळी: काय होईल असं वाटतं, काय झालं, फरक का पडला. मार्क तिसऱ्या ओळीला द्या. अंदाज चुकला म्हणून मार्क कापलेत तर दुसऱ्या आठवड्यापासून सगळे अंदाज बरोबर येतील, आणि ते सर्किट चालू झाल्यावर लिहिलेले असतील.

"सर, एलईडी पेटणाच नाय!" ही हाक आली की लगेच उठू नका. तपासायचा क्रम भिंतीवर लावून ठेवा. आयसीच्या पायावर, ब्रेडबोर्डच्या पट्टीवर नव्हे, ५ व्होल्ट आहेत का? बऱ्याच ब्रेडबोर्डची पॉवरची पट्टी मधोमध तुटलेली असते, ते कोणी सांगत नाही. ग्राउंड सामाईक आहे का? खाच डावीकडे आहे का? मग मल्टिमीटरने इनपुटपासून आउटपुटकडे एकेक पिन बघत जा. टीटीएलच्या (७४०० घराण्यातल्या जुन्या जातीच्या) इनपुटला ०.८ व्होल्टपर्यंत शून्य, २च्या वर एक. मधलं काही दिसलं तर वायर सुटली आहे किंवा दोन आउटपुट एकमेकांना भिडलेत.

मंद पेटणारा एलईडी हा वेगळा किस्सा. ७४एलएस००चं आउटपुट शून्यावर असताना ८ मिलिअँपिअर गिळू शकतं, एकवर असताना मात्र ०.४ मिलिअँपिअरचीच हमी. म्हणून आउटपुट ते ग्राउंड असा लावलेला एलईडी मिणमिणतो, ५ व्होल्ट ते आउटपुट असा लावलेला लख्ख पेटतो, फक्त उलटा वाचावा लागतो.

मोकळं सोडलेलं इनपुट हे दुसरं भूत. जुन्या टीटीएल आणि एलएस आयसीत ते साधारण '१' असल्यासारखं वागतं, म्हणून पोरांना जोडायचा आळस लागतो. मग दुकानदार ७४एचसी००चा, म्हणजे सीमॉस जातीचा, लॉट पाठवतो आणि सर्किट हात जवळ नेला की पेटतं, बाजूला घेतला की विझतं. सीमॉसचं मोकळं इनपुट कुठेही भटकतं. वापरात नसलेलं प्रत्येक इनपुट कुठेतरी बांधा. दावं सुटलेलं वासरू आणि मोकळं इनपुट, दोघांचा नेम नसतो.

पिनांबद्दल माझी स्वतःची फजिती. 'कोपऱ्यात पॉवर, समोरच्या कोपऱ्यात ग्राउंड' अशी सवय लागलेली. पहिल्याच वर्षी ७४७६च्या प्रॅक्टिकलला पूर्ण बॅचला फळ्यावर तसंच जोडून दाखवलं. त्या आयसीला पॉवर पाचला आणि ग्राउंड तेराला असतं. एकही काउंटर चालला नाही, काही आयसी चटका बसेल इतके तापले. ७४९० आणि ७४९३ही तसलेच: पॉवर ५, ग्राउंड १०. नॉर गेटांच्या ७४०२चं आउटपुट पिन १वर असतं, ३वर नाही. तेव्हापासून डेटाशीटचं पहिलं पान छापून प्रत्येक टेबलावर ठेवतो, आणि मीही ते बघूनच जोडतो.

पायरी ३: के-मॅप, पण बेताने

दोन आठवडे. त्याहून जास्त नाही. मॉरिस कार्नो यांनी ही पद्धत १९५३मध्ये मांडली तेव्हा गेट महाग होतं आणि माणूस हाताने सर्किट आखत होता. आज ते काम सॉफ्टवेअर करतं. तरी शिकवायचं, कारण कोणती ओळ कोणाच्या शेजारी आहे हे डोळ्याला दिसणं महत्त्वाचं. ००, ०१, ११, १० हा क्रम का, हे सांगायला कागदाची सुरळी करा: डावी कड उजवीला चिकटली की पहिला आणि शेवटचा रकाना शेजारी आले, आणि त्यांच्यात एकाच बिटाचा फरक. टाकीचा अशक्य रकाना इथे 'डोन्ट केअर' (० की १, काहीही चालेल) म्हणून परत आणा. पण आपण तिथे मुद्दाम ० घेतला होता याची आठवण द्या. सोपं सर्किट आणि सुरक्षित सर्किट नेहमी एक नसतं. चार चलांपर्यंत करा. पाच चलांचा के-मॅप ही शिक्षा आहे.

संख्यापद्धतींना वेगळे तास देऊ नका. जिथे लागतील तिथे येतील.

पायरी ४: बेरीज, आणि उलटं फिरलेलं मीटर

हाफ अॅडर, फुल अॅडर सगळे नीट शिकवतात. अडतं टूज कॉम्प्लिमेंटवर, म्हणजे बायनरीत उणे संख्या लिहायच्या पद्धतीवर. 'उलटवा आणि एक मिळवा' ही कृती पाठ होते, का ते कळत नाही. जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यांनी सुरुवात करा: ००००० वर असताना एक मागे फिरवलं तर ९९९९९. म्हणजे त्या मीटरसाठी ९९९९९ हेच उणे एक. तसंच चार बिटांचं: ००००च्या मागे ११११. फळ्यावर सोळा घरांचं वर्तुळ काढा, ० वर, उजवीकडून ७ पर्यंत, डावीकडून -१ ते -८. बेरीज म्हणजे उजवीकडे चालणं.

आता ७ + १ करायला लावा. ०१११ + ०००१ = १०००, म्हणजे -८. कॅरी (हातचा) बाहेर आलेलाच नाही, तरी उत्तर चूक. उलट -१ + १ मध्ये कॅरी बाहेर येतो आणि उत्तर बरोबर. कॅरी आणि ओव्हरफ्लो (उत्तर चार बिटांत न मावणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या दोन उदाहरणांनंतर परत सांगावं लागत नाही. चिन्हाच्या बिटात शिरणारा आणि तिथून बाहेर पडणारा कॅरी वेगवेगळे असले की ओव्हरफ्लो. एका एक्सॉर गेटाचं (दोन इनपुट वेगळे असले तरच १) काम.

त्याच प्रॅक्टिकलला ७४८६ची, म्हणजे एक्सॉरच्या आयसीची, जादू दाखवा. एक इनपुट ० ठेवलं तर दुसरं तसंच जातं, १ ठेवलं तर उलटं होतं. चार बिटांवर चार एक्सॉर, तीच नियंत्रण वायर पहिल्या कॅरीलाही जोडा, आणि अॅडर वजाबाकीही करायला लागतो. ही वायर लाल घ्या आणि सांगा: ऑक्टोबरात ही वायर कंट्रोल युनिटच्या हातात जाणार आहे.

रिपल कॅरी, म्हणजे प्रत्येक बिट आधीच्या बिटाच्या कॅरीची वाट बघतो तो अॅडर, का हळू, हे बंदरावर राहणाऱ्या पोरांना शिकवायला लागत नाही. होडीतून मासळीच्या पाट्या हातोहात वर येतात तेव्हा शेवटच्याचे हात आधीच्या सगळ्यांची वाट बघत रिकामे असतात.

पायरी ५: क्लॉक, आणि उड्या मारणारं बटण

लॅच आधीच झालाय, म्हणून डी फ्लिप-फ्लॉपला एका तासाहून जास्त लागत नाही. दोन ७४७४मधले मिळून चार फ्लिप-फ्लॉप एका क्लॉकला (ठोके देणाऱ्या सिग्नलला) बांधले की रजिस्टर झालं. क्लॉकला साधं बटण लावून काउंटर चालवायला सांगा. अंदाजवहीत सगळे लिहितात: एकदा दाबलं की एक वाढेल. प्रत्यक्षात एकदा दाबलं की तीन वाढतं, कधी पाच. बटणाचा पत्रा काही मिलिसेकंद थरथरतो आणि काउंटर प्रत्येक थरथर मोजतो. उपाय काय? दोन बाजूंचं बटण आणि टाकीतले तेच दोन नँड गेट. पहिल्या आठवड्यातला लॅच परत कामाला येतो, आणि पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

स्टेट मशीनसाठी (आत्ताची अवस्था लक्षात ठेवून पुढचं पाऊल ठरवणाऱ्या सर्किटसाठी) ट्रॅफिक सिग्नल सगळीकडे वापरतात. आमच्या तालुक्यात सिग्नलच नाही. रेल्वे मात्र आहे. रोहा ते वीर सोडलं तर कोकण रेल्वे आजही बहुतेक एकेरीच आहे, आणि क्रॉसिंगसाठी ताटकळणं प्रत्येकाने अनुभवलेलं आहे. दोन स्टेशनांमधला एक पट्टा घ्या. सिग्नल हिरवा कधी? पुढचा पट्टा रिकामा, आणि समोरच्या स्टेशनचा सिग्नल लाल, आणि सांधे योग्य बाजूला लागलेले. या तीन अटी झाल्या कॉम्बिनेशनल, म्हणजे फक्त आत्ताच्या इनपुटवरून ठरणाऱ्या. गाडी शिरली की 'व्यस्त', बाहेर पडली की 'रिकामा', ही झाली स्टेट. क्लॉड शॅनन यांनी १९३७च्या आपल्या प्रबंधात रिले-स्विचच्या जाळ्यांना बूलचं बीजगणित लावता येतं हे दाखवलं, आणि रेल्वेचं इंटरलॉकिंग कित्येक दशकं अशाच रिलेंवर चालत आलं. बूल यांचा ग्रंथ १८५४चा. इतिहास एवढाच पुरे.

पायरी ६: दोराचा प्रोसेसर

गणपती आटोपून सगळे परत आले की हा तास घ्या. वर्गातली बाकं मागे सरकवा. काथ्याचा एक लांब दोर मधोमध बांधा. हा बस, म्हणजे सगळ्यांमधली सामाईक वायर. कपड्यांचे चिमटे आणि कार्डं घ्या. पात्रं वाटा: प्रोग्रॅम काउंटर, मेमरी अॅड्रेस रजिस्टर, मेमरी, इन्स्ट्रक्शन रजिस्टर, 'ए' आणि 'बी' ही दोन रजिस्टरं, एएलयू (बेरीज-वजाबाकी करणारा), आउटपुट, कंट्रोल. भजनातला टाळ वाजवणारा तो क्लॉक.

यंत्र छोटं: सोळा घरांची मेमरी, प्रत्येक घरात आठ बिट. वरचे चार बिट हुकूम, खालचे चार पत्ता. हुकूम पुढीलप्रमाणे: ०००१ आण, ००१० मिळव, ००११ वजा कर, ०१०० ठेव, ०१०१ उडी मार, १११० दाखव, ११११ थांब. भिंतीवर सोळा पाकिटं चिकटवा आणि त्यांत कार्डं घाला:

घर ०: ०००१ १११०
घर १: ००१० ११११
घर २: १११० ००००
घर ३: ११११ ००००
घर १४: ०००० ०१०१, म्हणजे ५
घर १५: ०००० ००११, म्हणजे ३

आता टाळ. पहिल्या ठोक्याला प्रोग्रॅम काउंटर आपलं कार्ड दोराला लावतो, अॅड्रेस रजिस्टर ते उतरवून घेतो. दुसऱ्या ठोक्याला मेमरी त्या पाकिटातलं कार्ड दोराला लावते, इन्स्ट्रक्शन रजिस्टर घेतो, आणि प्रोग्रॅम काउंटर मनातल्या मनात एक वाढवतो. तिसऱ्याला हुकुमातला पत्ता अॅड्रेस रजिस्टरकडे. चौथ्याला मेमरीतली संख्या 'बी'कडे (हुकूम 'आण' असेल तर थेट 'ए'कडे). पाचव्याला एएलयूचं उत्तर 'ए'मध्ये. कंट्रोलवाल्याने प्रत्येक ठोक्याला बोट दाखवून फक्त दोघांची नावं घ्यायची: कोण लावणार, कोण उतरवणार. बाकी कोणी बोलायचं नाही.

पहिल्या फेरीत गोंधळ होतो आणि तो होऊ द्यायचा. एका वर्षी प्रोग्रॅम काउंटर झालेला मुलगा एक वाढवायला विसरला. वर्ग 'घर शून्य' पुन्हा पुन्हा आणत राहिला, पाच पुन्हा पुन्हा 'ए'मध्ये येत राहिले, आणि टाळवाला इमानदारीत वाजवत होता. चौथ्या वेळी मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, ह्यो हँग झालो!" इन्फिनिट लूप. दुसऱ्या वर्षी मेमरी आणि 'ए' या दोघांनी एकाच ठोक्याला दोराला कार्ड लावलं. उतरवणाऱ्याने कुठलं घ्यायचं? तिथेच ट्राय-स्टेट बफर शिकवला: न बोलणं म्हणजे शून्य म्हणणं नव्हे, तर दोरावरून हात काढून घेणं.

प्रोग्रॅम संपून आउटपुटवाल्याने ८ दाखवल्यावर घर ३मधलं कार्ड काढून तिथे '०१०१ १११०' ठेवा, म्हणजे 'घर १४ला उडी मार', आणि परत चालवा. आता यंत्र पाच या संख्येलाच हुकूम समजून वाचायला जातं. ०००० हा हुकूम यादीतच नाही, कंट्रोलवाला भांबावतो. आकडा आणि हुकूम एकाच मेमरीत असतात, फरक फक्त कोण कधी वाचतं याचा. फॉन नॉयमन यांच्या १९४५च्या अहवालातली कल्पना यापेक्षा चांगली मला फळ्यावर कधीच सांगता आली नाही.

पायरी ७: तेच यंत्र सॉफ्टवेअरमध्ये

दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये लॉजिसिम-इव्होल्यूशन हे सर्किट आखून चालवायचं सॉफ्टवेअर उघडा. फुकट आहे, इंटरनेट लागत नाही, जुन्या पीसीवरही चालतं. दोराच्या खेळातलं एकेक पात्र एकेक गट बनवतो, आणि शेवटी सगळे जोडतात. कुठलं रजिस्टर किती बिटांचं, कुठल्या वायरी आत, कुठल्या बाहेर, हे आधी सगळ्या गटांनी एका कागदावर ठरवून सही करायची. आमच्याकडे एकदा दोन गटांनी बिट उलट्या क्रमाने मोजले आणि एक पूर्ण दुपार त्यात गेली. तो कागद तेव्हापासूनचा.

कंट्रोल युनिट मात्र सगळ्यांनी मिळून करायचं. दर ठोक्याला बोट दाखवून जी दोन नावं घेतली होती, त्यांचंच कोष्टक करा: ओळीला हुकूम आणि ठोका, रकान्याला नियंत्रण वायर. हे कोष्टक गेटांनी बांधलं की हार्डवायर्ड, रॉममध्ये (फक्त वाचायच्या मेमरीत) भरलं की मायक्रोप्रोग्रॅम्ड. जुलैतली लाल वायर इथे 'वजा कर' या ओळीत १ म्हणून येते. वेळ उरला तर रिस्क-फाइव्ह या खऱ्या प्रोसेसरांच्या हुकूमसंचातली एक ३२ बिटांची सूचना उघडून दाखवा आणि आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' प्रोसेसरचं नाव घ्या. पोरांना कळतं की आपल्या खेळण्यात आणि त्यात आकाराचा फरक आहे, जातीचा नाही.

पायरी ८: मोदक आणि एसटी स्टँड

पाइपलाइन, म्हणजे एक हुकूम पुरा व्हायच्या आधीच पुढचा सुरू करणं. नैवेद्याला एकवीस मोदक. पारी करणं, सारण भरणं, कळ्या पाडून मिटणं, प्रत्येकी एक मिनिट धरा. एकटी आई: ६३ मिनिटं. आई, काकी आणि आजी ओळीत बसल्या: पहिला मोदक ३ मिनिटांनी, पुढचे वीस दर मिनिटाला एक, एकूण २३. एका मोदकाला अजूनही तीनच मिनिटं लागतात, हे पोरांकडून वदवून घ्या. आता कळ्या पाडायला दोन मिनिटं लागली तर? पहिला ४ मिनिटांनी, मग दर दोन मिनिटांनी एक, एकूण ४४. घड्याळ सगळ्यात हळू हाताच्या मागे धावतं. आणि बाहेरून कोणी ओरडलं, "मोदक पुरे, आता करंज्या करा," तर हातातल्या पाऱ्या वाया. तो ब्रँच (प्रोग्रॅमची उडी) झाल्यावरचा फ्लश, म्हणजे अर्धवट हुकूम टाकून देणं.

कॅशसाठी एसटी स्टँड. फलाट म्हणजे कॅशमधली घरं, गाड्या म्हणजे मोठ्या मेमरीतली. चार फलाट, ० ते ३. सोळा गाड्या, ० ते १५. नियम: गाडीच्या नंबरला चाराने भागून उरेल त्या फलाटावरच लागायचं. ५ नंबर म्हणजे ०१०१: शेवटचे दोन बिट ०१ म्हणजे फलाट १, पहिले दोन ०१ ही गाडीवरची पाटी, म्हणजे टॅग. ९ म्हणजे १००१: फलाट पुन्हा १, पाटी १०. आता प्रवासी ५, ९, ५, ९ अशा क्रमाने आले तर दरवेळी गाडी हलवावी लागते, आणि बाकीचे तीन फलाट रिकामे. सगळे मिस, म्हणजे हवी ती गाडी फलाटावर नाही. मग दोन-दोन फलाटांचे दोन गट करा, दोनाने भागून गट ठरवा. ५ आणि ९ दोन्ही गट १मध्ये, दोघांनाही जागा. पहिले दोन मिस, पुढचे दोन हिट, म्हणजे गाडी लागलेलीच. एवढं हाताने केल्यावर परीक्षेतला ३२ बिटांचा पत्ता घाबरवत नाही, फक्त लांब वाटतो.

बूथ (गुणाकाराची पद्धत), रिस्टोरिंग डिव्हिजन (भागाकाराची) आणि आयईईई ७५४ (अपूर्णांक बिटांत लिहायची) हे पेपरात हमखास येतात, म्हणून करायचेच. बूथमध्ये पोरं अंकगणितात चुकत नाहीत, सरकवताना चिन्हाचा बिट जपायला विसरतात. तेवढं लाल पेनाने दाखवा आणि चार गणितं सोडवून घ्या.

पायरी ९: परीक्षा बिघडलेल्या बोर्डाची

शेवटच्या प्रॅक्टिकलला मी आठ बोर्ड तयार ठेवतो, प्रत्येकात एक चूक: कुठे ग्राउंड सुटलेलं, कुठे ७४०८च्या जागी ७४०२, कुठे एक इनपुट मोकळं, कुठे लॅचच्या दोन वायरी अदलाबदल. दोघांच्या गटाला एक बोर्ड, एक मल्टिमीटर, वीस मिनिटं. चूक दुरुस्त केली याला निम्मे मार्क, कुठल्या क्रमाने शोधली हे अंदाजवहीत लिहिलं याला निम्मे. ज्यांना व्याख्या पाठ नसतात अशी काही पोरं इथे पहिली येतात.

वायवाला आता एकच प्रश्न ठरलेला आहे. अॅडर, लॅच, एक्सॉर, मल्टिप्लेक्सर (अनेक इनपुटांतून एक निवडणारा), यातली एक चिठ्ठी उचल, आणि दोराच्या खेळात ती कोणाच्या खिशात होती ते सांग. मागच्या वेळी एकाने लॅच उचलला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "सगळ्यांच्या खिशात होता सर, फक्त टाळवाल्याच्या आणि एएलयूच्या नव्हता." आणि मग जरा थांबून, "आणि दोराच्या."